हजाराव्या दिवसाची फळी

दोन दिवसांच्या शिबिराहून परतलेल्या माणसाला घरचे लोक निदान पाणी तरी विचारतात. मलमला दारातच थांबवलं गेलं.

"जपून. ओली आहे," पेंटर म्हणाला.

पुढच्या खोलीत, एरवी जिथे आईची खुर्ची असायची तिथे, दोन स्टुलांवर एक लांब फळी आडवी ठेवली होती. वर पंखा गरगरत होता, आणि तिचा मधला भाऊ, म्हणजे हाच पेंटर, बारीक ब्रश घेऊन फळीवर ओणवा झाला होता. पांढऱ्यावर हिरवी अक्षरं होती, 'अपघाताविना १००० दिवस'. शेवटच्या शून्याला दुसरा हात चालला होता. रविवारचे सकाळचे दहा वाजले होते आणि हजारावा दिवस उद्या होता, पण कौतुकाला नेहमीच घाई असते.

खाणीच्या फाटकावरचा रोजचा फलक वेगळा, काळा. त्यावरचा कालचा आकडा पुसून आजचा लिहायचा, हे पेंटरचं सकाळचं पहिलं काम. खाणीत कुणाला लागलं आणि तशी नोंद झाली, की आकडा शून्यावर यायचा. म्हणून नोंद व्हायची नाही. या तीन वर्षांत बोटं चेचली गेली, डोकी फुटली, एकाचा अर्धा कान गेला, आणि प्रथमोपचार खोलीतल्या वहीनुसार हे सगळे लोक घरी जिन्यावरून पडले होते, घरी मोरीत घसरले होते किंवा त्यांची बोटं घरच्या दारात सापडली होती. वही वाचून कुणाला वाटावं, की खाणीसारखी सुखरूप जागा नाही आणि माणसाने जिवाला जपायचं असेल तर घरी जाऊच नये.

ती खोली आणि ती वही चौदा वर्षं मलमच्याच ताब्यात होती. हे मात्र ती स्वतःलासुद्धा जरा हळू आवाजात सांगायची. सगळी खाण तिला मलमताई म्हणायची, घरातले नुसतंच मलम. लोकांना हसायला तिच्याकडे जीभ भरपूर होती. वहीत खोटं लिहिताना ती जीभ कुठे जायची, कोण जाणे.

"धाकटा कुठे आहे?" तिने बॅग खाली ठेवत विचारलं. रविवारी या वेळी तो दारात बूट साफ करत बसलेला असायचा.

पेंटरचा ब्रश थांबला. तो शून्याकडे बघत राहिला.

"आत पडलाय जरा," थोरला म्हणाला. थोरला म्हणजे मुकादम, पहिल्या पाळीचा. घरातसुद्धा तो मुकादमच होता. बायको दोन दिवस माहेरी गेली तरी तिची हजेरी लागली नाही असं त्याला वाटायचं. तो खिडकीशी बसून उद्या घालायच्या बुटांना पॉलिश करत होता. "बाथरूममध्ये घसरला काल."

"किती लागलं?"

"मुका मार आहे. तू दमून आली आहेस. चहा घे."

मुकादमाने कुणाला चहा घे म्हटल्याचं मलमला आठवत नव्हतं. ती सरळ आत गेली.

धाकटा पलंगावर उताणा होता. त्याची बायको, धाकटी, उशाशी उभी होती आणि तिच्या हातात कोरडं भांडं होतं. मलमला बघून ती काही बोलणार होती, पण बाहेरच्या खोलीकडे नजर टाकून गप्प झाली.

"बाथरूममध्ये घसरलास म्हणे," मलम म्हणाली.

"हो ना, ताई. साबण होता."

"आपल्या बाथरूममध्ये? तिथे माणूस उभा राहिला की बादली बाहेर काढावी लागते. घसरायचं म्हटलं तरी भिंती पडू देत नाहीत." ती पलंगाच्या कडेला बसली नाही, गुडघ्यांवर बसली. "आणि बाथरूममधून आलेल्या माणसाच्या कानात धूळ कशी? बाळा, तू खाणीतून बाथरूमला गेलास की बाथरूममधून खाणीत?"

धाकट्याला हसू आलं आणि हसताना पाठीत कळ गेली. त्याने ओठ आवळले. मलमने पांघरूण पायांवरून दूर केलं. केसांतली पिन काढली आणि डाव्या अंगठ्याला टोचली. मग तळव्याला, मग घोट्याच्या वर.

"टोचणार आहेस ना? टोच मग," धाकटा छताकडे बघत म्हणाला.

मलमने पिन परत केसांत खोचली. हाताला थोडा वेळ काम देणं गरजेचं होतं.

"पाय उचल. डावा."

"उचललाय की."

डावा पाय होता तिथेच होता. उजव्याची बोटं तेवढी किंचित हलली. धाकटी भांडं दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. ती हळूच म्हणाली, "वन्सं, ह्यांना काल दुपारपासून लघवी झाली नाही. लागल्याचंही कळत नाही म्हणतात."

चौदा वर्षांत मलमने ही खूण तीन वेळा शिकवली होती, आणि कालच्या शिबिरात तर तिने पुढे येऊन उत्तरही दिलं होतं. कण्याला मार, पायाला मुंग्या, लघवी अडलेली. अशा माणसाला वाकवायचं नाही, बसवायचं नाही, चालवायचं तर मुळीच नाही. फळीवर सरळ झोपवायचं, बांधायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. एकेक तास मोलाचा असतो. शिबिरातल्या बाईंनी तिची पाठ थोपटली होती. त्याच वेळी इथे तिचा भाऊ साबणावरून घसरल्याची गोष्ट पाठ करत पडला होता.

"आता खरं सांग. आणि लवकर."

धाकटा टेकू लावणारा. छताखाली लाकडाचे खांब उभे करायचे, म्हणजे बाकीच्यांच्या डोक्यावर दगड येत नाही. काल पाळी सुरू होऊन तासही झाला नव्हता. तो खांब ठोकायला वाकला आणि छताचा पेटीएवढा तुकडा सुटून त्याच्या कमरेवर आला. दगड बाजूला केला तेव्हा तो पालथा पडलेला होता आणि समोर दादाचे बूट होते.

"दादा म्हणाला, ऊठ. आपल्या घरचा माणूस आपल्या पायाने बाहेर येतो."

"आणि तू उठलास."

"उठलो. दादाने खांदा दिला होता. चढावर दोनदा पाय गेला, पण फाटकाशी साहेब लोक मंडप बघत उभे होते ना, तिथे मी खांदा सोडला. डोक्यावरचा दिवा जमा केला, सही केली आणि ताठ गेलो, ताई. कुणाला कळलंसुद्धा नाही." त्याच्या आवाजात एवढा अभिमान होता की मलमला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मग वाटलं, चूक याची नाही. याला हेच दुधाबरोबर पाजलंय.

पुढच्या खोलीच्या दारावर बाबांची पहार टांगलेली होती. तीसेक वर्षांपूर्वी दगडाखाली नडगी मोडलेले बाबा त्या पहारेचा आधार घेऊन सबंध चढ चढून वर आले, दिवा जमा करून मगच खाली बसले. ही गोष्ट या घरात इतक्या वेळा सांगितली गेली होती की तिच्यातला चढ दर वर्षी लांबत चालला होता. आई ती पहार आठवड्याला तेलाने पुसायची. मुलगा वयात आला की त्याला पहारेखाली उभं करून मुकादम एकच वाक्य ऐकवायचा, जे त्याला बाबांनी ऐकवलं होतं. पायाने बाहेर यायचं. मेंदूने यावं असं कुणी कधी सांगितलं नाही.

मलम बाहेर आली तेव्हा आई स्वयंपाकघरातून येऊन भिंतीशी टेकून उभी होती. तिची खुर्ची फळीने हुसकली होती.

"याला आत्ता हॉस्पिटलात न्यायचं," मलम म्हणाली. "त्याचा डावा पाय गेलाय. उजवा जायच्या वाटेवर आहे."

"उद्या संध्याकाळी नेऊ," मुकादम बुटावरून मान न उचलता म्हणाला. "कार्यक्रम झाला की मी स्वतः गाडी आणतो. गाडीत बसवू आणि..."

"बसवू?"

"मग काय उभा करून नेऊ?"

"दादा, तुझ्या मागे काचेच्या कपाटात चार कप आहेत. कशाचे आहेत ते सांग जरा."

मुकादम बूट घासत राहिला. ते प्रथमोपचार स्पर्धेचे होते. मुकादमाच्या संघाने चार वर्षं ओळीने पहिला नंबर काढला होता. शिट्टी वाजली की कण्याला मार बसलेला माणूस, म्हणजे तसं पडून राहायला सांगितलेला एखादा लठ्ठ कारकून, मुकादम तीन मिनिटं चाळीस सेकंदांत न हलवता फळीवर बांधून दाखवायचा. परीक्षक म्हणायचे, काय हात आहे. उद्याच्या कार्यक्रमात त्याला स्टेजवर बोलावून सगळ्या खाणीचा शिक्षक नेमायचं ठरलं होतं.

"त्या कारकुनाच्या पाठीला तू कापसासारखं उचलतोस," मलम म्हणाली. "आणि सख्ख्या भावाला म्हणालास, ऊठ. कारकुनाला काही झालेलंही नसतं रे."

"स्पर्धा वेगळी आणि खाण वेगळी."

"हो. स्पर्धेत बघायला लोक असतात."

"जीभ आवर, मलम. तुझ्या वहीत काय काय आहे ते मला ठाऊक आहे. कान गेलेला माणूस दारात सापडला असं कुणी लिहिलं? मी?"

हा घाव नेमका बसला. मलमचे कान तापले. तिला उलटून काहीतरी झणझणीत बोलायचं होतं, पण जे काही सुचत होतं ते सगळं खोटं होतं.

"मी लिहिलं," ती म्हणाली. "तेव्हा तू माझ्यावर खूश होतास."

मुकादमाने बूट खाली ठेवला आणि पवित्रा बदलला. "हे बघ, मी काय एकट्यासाठी करतोय? सतराशे माणसांचा हजारावा दिवस आहे. तो आपल्या घरामुळे बुडाला तर वस्तीत तोंड दाखवता येईल का? धाकट्याला मी उद्यापासून वर आणतोय, दिव्यांच्या खोलीत. खाली उतरायचंच नाही. मोठ्या साहेबांचा शब्द घेतलाय. विचार हिला."

धाकटी दारात येऊन उभी होती. आता मलमला तिच्या गप्प बसण्याचा अर्थ लागला. नवरा खाली गेला की ती पाळी सुटण्याच्या भोंग्यापर्यंत एका जागी बसत नसे. तिला विकत घ्यायला दिव्यांची खोली पुरेशी होती.

"खरंय," धाकटी म्हणाली. "दादा म्हणाले, एक दिवस कळ काढ, मग जन्मभर वर. मला वाटलं एकच दिवस तर आहे." तिने हातातलं कोरडं भांडं खाली फळीच्या बाजूला ठेवलं. "पण दादा, रात्रभर मी ह्यांच्या पायाला चिमटे घेत होते. ह्यांना कळावं म्हणून. मग कळलंच नाही तर, या भीतीने घ्यायचंच थांबवलं. तुम्ही म्हणता बसवून नेऊ. ह्यांना मी हातसुद्धा लावू देणार नाही. वन्सं सांगतील तसंच होईल."

"हे बायकांनी ठरवायचं का आता?" मुकादम म्हणाला आणि नेहमीप्रमाणे आईकडे वळला. आई त्याची हुकमी बाजू. "आई, तू सांग यांना. बाबा कसे आले होते?"

आईने पहारेकडे पाहिलं, मग त्या भांड्याकडे. "हे कोरडं का?" तिने विचारलं.

धाकटीनेच सांगितलं.

"कालपासून? आणि मी त्याला सकाळी पेला भरून दूध पाजलं. मला का नाही सांगितलं?"

"तू घाबरशील म्हणून," मुकादम म्हणाला.

"मी घाबरले असते तर बरं झालं असतं." आई एरवी खुर्चीत बसूनच बोलायची, आज खुर्चीच नव्हती. "तुझे बाबा चालत आले, खरं आहे. मी दारात होते. त्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरने मला व्हरांड्यात उभं करून काय ऐकवलं ते तुम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण मी सांगितलं नाही. तो म्हणाला, बाई, हाड साधं मोडलं होतं, दोन महिन्यांत जुळलं असतं. चालून चालून याने त्याचा भुगा करून आणलाय. हे शौर्य आहे असं याला कुणी सांगितलं? मी म्हटलं, डॉक्टर, हळू बोला, त्यांना ऐकू जाईल."

"बाबांनी नंतरही काम केलं," मुकादम म्हणाला, पण आवाजातला मुकादम कमी झाला होता.

"केलं. एकोणीस वर्षं दिव्यांच्या खोलीत स्टुलावर बसून. संध्याकाळी तो पाय मी चेपायचे. तुम्ही मुलं आलात की ते मला हात काढायला सांगायचे. ती पहार मी तेल लावून पुसत आले. ती कधीच विहिरीत टाकायला हवी होती. माझं चुकलं." तिने हे भाजीत मीठ जास्त पडलं म्हणावं तसं सांगितलं. "मलम, न्या त्याला. कसं न्यायचं?"

मलमने पेंटरकडे पाहिलं. एवढ्या वेळात हा माणूस ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवून काढत होता, परत बुडवत होता. कुणाच्या बाजूने बोलायचं नाही हे त्याचं जुनं धोरण. दोन भावांच्या भांडणात तो नेहमी भिंतीला रंग द्यायला लागायचा.

"भाऊ, अँब्युलन्स बोलाव."

पेंटर खाकरला. "अँब्युलन्स वर्कशॉपमध्ये आहे. उद्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे आहे ना ती. सकाळी मीच दारं रंगवली. काढून ठेवलीयत."

"स्ट्रेचर?"

"ते मंडपात. उद्याच्या प्रात्यक्षिकासाठी." तो थोडा घुटमळला. "बांधून ठेवलंय. वर पुतळा झोपवलाय."

मलमला हसू आलं, अगदी खरं हसू, पोटातून. तीन वर्षं ते स्ट्रेचर कपाटात पडून होतं, कारण ते बाहेर काढलं की नोंद लिहावी लागायची. त्याच्या कापडावर रक्ताचा तर सोडाच, घामाचाही डाग नव्हता. आता अखेर बाहेर आलं, तर कापूस भरलेल्या पुतळ्यासाठी.

"पुतळ्याने नशीब काढलं," ती म्हणाली. "त्याला एक दिवस आधीच मिळालं. दार काढता येईल का एखादं? स्वयंपाकघराचं?"

"बिजागऱ्या गंजल्यात. तास जाईल," पेंटर म्हणाला. मग त्याने पंखा बंद केला. ब्रश पुसला, खिशातून टेप काढली आणि समोरच्या फळीला लावली. खरं तर त्याला माप पाठ होतं. त्यानेच ती कापली होती. "सहा फूट चार इंच. रुंदी वीस. एकसंध आहे, वाकणार नाही. मागे तीन आडव्या पट्ट्या आहेत, त्यात बोटं घालून उचलता येते."

"पेंटर, शुद्धीवर आहेस का?" मुकादम उभा राहिला.

"आहे."

"उद्या ती साहेबांच्या हातून फाटकावर चढायची आहे."

"माहीत आहे. आठ दिवस मीच मरतोय तिच्यावर." पेंटर भावाकडे न बघता बोलत होता. एवढं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो एकेक शब्द ब्रशने लिहावा तसा काढत होता. "दादा, काल दुपारी तू मला सांगितलंस, धाकटा घसरला. मला तेव्हाच कळलं होतं. आज सकाळी मी फाटकावर नऊशे नव्व्याण्णव लिहिलं. सुबक लिहिलं. इथे आलो आणि हिला रंग देत बसलो, आतून तो कण्हत होता तरी. मलम, पट्ट्यांची बाजू वर ठेवता येणार नाही, टोचतील. अक्षरांवरच झोपवावं लागेल. रंग ओला आहे. चादर घाल."

मग मात्र सगळं भराभर झालं. धाकटीने चादर आणि गोधडीच्या घड्या आणल्या, आईने जुनी पातळं फाडून पट्टे केले. फळी आत नेऊन पलंगाला लावली. मलमने जागा वाटून दिल्या, छाती, कंबर, पाय. डोक्यापाशी ती थांबली. डोकं धरणाराने मोजायचं असतं, सगळ्यांचे हात त्याच्या मोजण्यावर उठतात. तिला ते शिकवता यायचं. करून बघितलेलं नव्हतं. हे तिला आवडत नव्हतं, पण या घरात ते काम निर्दोष करणारा एकच माणूस होता आणि तो पुढच्या खोलीत एका पायात बूट घालून उभा होता.

"दादा," तिने हाक मारली. "डोकं तू धर. तुझ्याइतकं कुणाला येत नाही."

ती टोमणा मारत नव्हती. कदाचित म्हणूनच तो आला. बूट काढून आला. उशाशी गुडघे टेकून त्याने धाकट्याचे कान दोन्ही तळव्यांत धरले, कोपर पलंगावर रोवले आणि एकदा सगळ्यांच्या हातांवरून नजर फिरवली. धाकटीचा हात बोटभर खाली सरकवायला सांगितला. स्पर्धेत तो हुकूम असा ओरडायचा की मागच्या रांगेतली माणसं दचकायची. आता त्याचा आवाज जेमतेम पलंगाच्या कडेपर्यंत पोहोचत होता.

"मी तीन म्हटल्यावर. सगळे एकदम. एक. दोन. तीन."

धाकटा एका अंगावर वळला, लाकडाच्या ओंडक्यासारखा सरळ. फळी पाठीशी आली, पुन्हा तीन आकडे झाले, तो फळीवर आला. कमरेखालच्या पोकळीत घडी गेली, मानेच्या दोन्ही बाजूंना गुंडाळ्या बसल्या, पट्टे आवळले गेले. मुकादमाने प्रत्येक गाठीखाली दोन बोटं घालून पाहिली. एकही गाठ पुन्हा बांधावी लागली नाही. मलमने घड्याळ बघितलं नव्हतं, पण चार मिनिटंसुद्धा झाली नसतील. काल हेच करायला याला कुणी अडवलं होतं? कुणीच नाही. एक पहार टांगलेली होती, एवढंच.

"दादा," धाकटा त्याच्याकडे खालून बघत म्हणाला, "मी चालू शकलो असतो रे अजून थोडं."

मुकादमाने त्याच्या तोंडावर हात ठेवला. मलमने ते पाहिलं आणि तिला त्याची दया आली नाही. नंतर कधी आली तर बघू, असं तिने ठरवलं.

हॉस्पिटल बाजारापलीकडे, पंधरा मिनिटांवर. पुढे दोघे भाऊ, मागे मलम आणि धाकटी, अशी फळी दारातून निघाली. पुढच्या रस्त्यावर रविवारची माणसं दाराबाहेर बसलेली होती. कुणीही काय झालं म्हणून विचारलं नाही. सगळ्यांना कालपासून ठाऊक होतं. ज्यांनी काल दगड उचलला होता त्यातले दोघे न्हाव्याच्या बाकावर दाढी करून घेत होते, ते अर्ध्या साबणाने उठले आणि बायकांच्या हातातून फळी घेतली. त्यांनी मुकादमाकडे पाहिलं नाही, मुकादमाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. मंडपापाशी कमान उभारत होते. कमानीखालूनच जवळचा रस्ता होता. मुकादम क्षणभर थांबला, मग तिथूनच गेला.

हॉस्पिटलातली डॉक्टरीण तरुण होती, खाणीत नवी. तिने चादर थोडी सरकवली, पिन फिरवली, पोटावर हात दाबला आणि ताबडतोब दोन माणसांना हाका मारल्या. मग कागद पुढे ओढला.

"कधी लागलं? कुठे?"

कुठे, या चौकटीत काय लिहायचं हे मलमइतकं कुणाला पाठ नव्हतं. तिने तोंड उघडलं. तिला वाटलं होतं, खरं बोलणं सोपं असेल. पण चौदा वर्षांची सवय जिभेवर येऊन बसली होती, मोरी, जिना, दार.

"काल सकाळी," मुकादम म्हणाला. "खाणीत. माझ्या पाळीत. छताचा दगड कमरेवर पडला. मी त्याला चालवत बाहेर आणला."

डॉक्टरणीने लिहिता लिहिता मान वर केली. "चालवत?"

"हो."

"पाठीला मार लागलेल्या माणसाला? तुमच्या खाणीत प्रथमोपचार येणारं कुणीच नाही का?"

मुकादम सरळ उभा होता, स्टेजवर उभं राहतात तसा.

"मला येतो," तो म्हणाला. "चार वेळा पहिला आलोय."

डॉक्टरणीने त्याच्याकडे पाहिलं. मग ती पुन्हा फळीकडे वळली, पट्ट्यांवरून हात फिरवला. "बांधलंय उत्तम," ती म्हणाली. "एक दिवस उशिरा." उजव्या पायाची आशा आहे, डाव्याबद्दल ऑपरेशन झाल्याशिवाय सांगता येणार नाही, असं तिने धाकटीला समजावलं, आणि धाकट्याला फळीसकट आत नेलं. दरवाजा लागला. धाकटी त्याच्याबरोबर दारापर्यंत गेली आणि तिथेच भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली.

बाकावर तिघं भावंडं बसली. थोड्या वेळाने आतून कुणीतरी फळी आणून भिंतीशी उभी केली. चादर तिच्यावर चिकटली होती. पेंटरने ती सोलून काढली. शून्यं फराटली होती, 'अपघाताविना'मधलं अर्धं अक्षर चादरीबरोबर निघून आलं. त्याने चादरीची घडी घातली, हिरवी बाजू आत.

"वहीतल्या माझ्या नोंदी एकवीस आहेत," मलम मुकादमाला म्हणाली. "खोट्या. मला सगळ्यांची नावं आठवतात. उद्या खऱ्या करून देणार आहे."

"उद्या कार्यक्रम आहे," मुकादम सवयीने म्हणाला. मग त्याला आपण काय बोललो ते ऐकू आलं आणि त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं, काही वेळापूर्वी धाकट्याचं धरलं होतं तसंच, दोन्ही कानांवर तळवे.

पेंटर उठला. "मी फाटकावर जाऊन येतो."

"ब्रश घरी आहे तुझा," मलम म्हणाली.

"फलक काळा आहे. खडूने लिहितो त्यावर." त्याने चादर काखेत मारली. "पुसायला फडका पुरतो."